आसुडाची परख

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, विजेच्या कडकडाटाला भिते, ऑफिसात साहेबांनी नुसतं "जरा या" म्हटलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. पण या सगळ्या किरकोळ भीती झाल्या. माझी खरी भीती एकच आणि ती मी सातव्या वर्षापासून सांभाळून आहे. ती आसुडाची.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा आसूड करायचे. हातभर बांबूची दांडी आणि तिला चामड्याची चारपेडी वेणी, मुठीपाशी अंगठ्याएवढी जाड आणि टोकाला उंदराच्या शेपटीसारखी निमुळती. आमचं गाव नांदगावच्या बाजूला. पोळा जवळ आला की आजूबाजूचे शेतकरी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. दादा सगळ्यांना तेच ऐकवायचे, की आसूड बैलाच्या कानासाठी असतो, पाठीसाठी नाही. हवेत आवाज निघाला पाहिजे, बैलाच्या अंगावर वळ उठता कामा नये. तसा आसूड करायचा तर वेणी सगळीकडे सारखी मऊ लागते. कुठे गाठ नको, कडक जागा नको.

आणि हे खरं की खोटं, हे बघायची आमच्या घरात एक रीत होती. तिला परख म्हणत. नवा आसूड तयार झाला की तो करणाऱ्याने आपला हात कोपरापर्यंत उघडा करून स्टुलावर ठेवायचा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने त्या हातावर आसूड मारायचा. लटका नाही, खरा. नुसती लाल रेघ उठली तर आसूड पास. कातडी फाटली, रक्ताचा टिपूस जरी दिसला, तरी वेणी उसवायची. दादा म्हणायचे, "ज्याला सोताचा हात पुढं करायचा असतो, तो काम नीट करतो."

हात दादांचा असायचा. मारायची आई.

माझी आई गायीसारखी शांत बाई. मुंगीवर पाय पडला तरी हळहळायची. ती अंगणात पदर खोचून उभी राहायची, तोंड पांढरंफटक, आणि दादा हसत हसत म्हणायचे, "मार की, भित्री भागूबाई! नवऱ्यावर राग काढायची संधी रोज नाय मिळत." मग तो आवाज यायचा. मी दाराआड असायचे, कानात बोटं घालून, आणि तो बोटांतूनही ऐकू यायचा. दादा हात उलटसुलट करून बघायचे, खूश व्हायचे. आई म्हणायची, "चहा टाकते," आणि आत जायची.

एकदा मी तिच्या मागे आत गेले. तिने मोरीतला नळ पूर्ण सोडला होता आणि ती वाकून ओकत होती. पाण्याच्या आवाजात ओकण्याचा आवाज बुडत होता. मला बघून तिने तोंडावर पाणी मारलं आणि माझा दंड घट्ट धरला. "दादांना सांगू नको," म्हणाली. "त्यांना वाटेल, मला खरंच धीर नाही." मग चुलीवर आधण ठेवलं. त्यानंतर मी प्रत्येक परखेच्या वेळी नळाकडे कान लावून असायचे. तिने एकदाही चुकवलं नाही. आधी नळ, मग चहा.

आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. त्या वर्षी पोळ्याआधी दादांनी आसूड माझ्या हातात दिला. घरात दुसरं कुणी नव्हतंच. मी डोळे मिटून मारला. तो हातावर पडलाच नाही. दादांचा डावा कान फाटला, गळ्यापर्यंत रक्त आलं, आणि मी आसूड तिथेच टाकून शेजारच्या गोठ्यात लपले. संध्याकाळी दादा मला शोधत आले, कानाला हळद लावलेली. रागावले नाहीत. "डोळं उघडं ठेव म्हंजे झालं," एवढंच म्हणाले. पण मी पुन्हा आसुडाला हात लावला नाही. शिकले, नोकरीला लागले, नाशिक रोडला कॉलनीत छोटं बैठं घर घेतलं. दादा पुढे शेजाऱ्याकडून मारून घ्यायचे. हळूहळू ट्रॅक्टर आले, गिऱ्हाईक संपलं, दादा थकले आणि माझ्याकडे राहायला आले. कानाची खाच मात्र आजही तशीच आहे. मी त्यांना जेवायला वाढते तेव्हा नेमकी माझ्यासमोर येते.

हे सगळं मागे पडलं असं मी धरून चालले होते. गेल्या श्रावणात फाटकाशी एक मोटरसायकल थांबली.

आलेला माणूस नांदगावकडचाच शेतकरी होता. त्याच्या वडिलांना दादांनी आसूड करून दिला होता, तो आता कुजला होता. बैलजोडी अजून दावणीला होती. "बाबा, बाजारात नायलॉनचे मिळत्यात," तो दादांना म्हणाला, "पर त्यानं बैल बिथरतो. तुमच्या हातचा एक द्या. पोळ्याला."

दादांनी क्षणाचाही विचार केला नाही. "देतो," म्हणाले.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले ती तणतणतच. दादांना मागच्या वर्षी हृदयाचा त्रास झाला, तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, लागू देऊ नका, दाढी करतानाही जपा. दाराची कडी नुसती घासली गेली तरी त्यांच्या हातावर वांग्याच्या रंगाचा डाग पडतो आणि पंधरा दिवस जात नाही. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे. एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने धूसर दिसतं, हात थरथरतात. आणि हा माणूस चामडं कापायची रापी हातात घेणार!

"रापी मी धरणार नाय," दादा म्हणाले. "तू धर. मी सांगतो."

"आणि परख?" मी विचारलं.

"परख म्हंजे? व्हईल की. बिनापरखीचा आसूड आपल्या घरातून कधी गेलाय का?"

"हात कुणाचा?"

"कारागिराचा. माझा."

तो शेतकरी जायला निघाला होता. मी त्याला फाटकाशी गाठून सांगणार होते, की भाऊ, तुम्ही नायलॉनचाच घ्या. पण मागे वळून बघितलं तर दादा खुर्चीत ताठ बसले होते. कित्येक महिन्यांत असे बसले नव्हते. मी फाटक लावून घेतलं आणि परत आले.

शेतकऱ्याने चार दिवसांनी कमावलेलं म्हशीचं कातडं आणून दिलं. ते न्हाणीघरातल्या बादलीत भिजत पडलं आणि घरभर वास सुटला. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा मी बेधडक सांगितलं की गटार तुंबलंय. एवढ्या वर्षांत कॉलनीत मी कधी सांगितलं नव्हतं की माझे वडील काय करायचे. ती एक वेगळी भीती. तिची आता लाज वाटते.

वादी, म्हणजे वेणीसाठी लागणारी चामड्याची लांब पट्टी, काढायची तऱ्हा अशी. कातड्याचा गोल तुकडा घ्यायचा. रापी लाकडात उभी रोवायची. गोलाच्या कडेला चीर देऊन ती कड रापीवर ओढत राहायची, गोल फिरत राहतो आणि सलग वादी निघत जाते. रुंदी मोजायला पट्टी नसते. अंगठ्याचं नख रापीपासून जेवढं दूर, तेवढी वादी रुंद. म्हणजे अख्खा वेळ आपला अंगठा पात्याच्या शेजारी. मध्येच थांबलं तर वादीला खाच पडते. दादा शेजारी बसून नुसता आवाज ऐकायचे. "घाबरलीस," ते मध्येच म्हणायचे. "हात आखडला तुझा. तिथं वादी बारीक झाली असंल बघ." बघितलं तर झालेली असायची.

दोन रविवार गेले. चार वाद्या निघाल्या. तीन बऱ्या होत्या, चौथीत एक जागा बारीक होती. मी ती दादांना दाखवली नाही. एरंडेल तेल चोळून वाद्या मऊ केल्या, दांडीला बांधल्या आणि रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर वेणी घालायला बसले. वेणी मला येते, कुणाला येत नाही? पण केसांची वेणी आणि ही वेणी यात फरक आहे. इथे प्रत्येक पेड अंगातला सगळा जोर लावून आवळायचा असतो. तळहाताची सालं निघाली. दादा दांडी दोन्ही पायांत धरून बसायचे आणि मला आईच्या, गावाच्या, मेलेल्या बैलांच्या गोष्टी सांगायचे. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मला आवडत होत्या. फक्त वेणी जसजशी टोकाकडे जायला लागली तशी माझी झोप उडायला लागली. आसूड संपला की परख येणार होती.

पोळ्याच्या तीन दिवस आधी, शेवटची वीतभर वेणी उरली असताना, चौथी वादी तुटली. नेमकी त्या बारीक जागी. दादा तेव्हा आत गोळी घ्यायला गेले होते.

अशा वेळी काय करायचं, ते मला लहानपणापासून माहीत होतं. सगळं उसवायचं, नवी वादी काढायची. जोड चालतो तो फक्त मुठीपाशी, जाड भागात. टोकाच्या वितीत जोड कधीही नाही, कारण मार तिथेच बसतो. मला हे माहीत होतं आणि तरी मी ते केलं नाही. उसवायचं तर दादांना सांगावं लागणार, बारीक जागा लपवली होती हेही सांगावं लागणार. मी सोल्युशन लावून तुकडा चिकटवायला गेले, पण चामडं तेलाने माखलेलं, चिकटेना. पर्समध्ये ऑफिसचा स्टेपलर होता. फाटलेला कागद जोडावा तशी मी ती वादी पिन मारून जोडली. पिनेवरून बाकीचे तीन पेड घट्ट आवळले. दादा बाहेर येईपर्यंत पिन वेणीच्या आत गेली होती.

माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं, की निभावून नेऊ. दादांच्या बोटांपुढे मात्र काही निभावणार नाही, याचीही खात्री होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आसूड पुरा झाला आणि त्यांनी मांडीवर घेतला. मुठीपासून टोकापर्यंत दोन बोटांच्या चिमटीतून सावकाश ओढला. चिमटी जोडावर आली. आणि तशीच पुढे गेली.

"बरी झाली वेणी," दादा म्हणाले. "तुझ्या आईला दाखवायला पायजे होती."

त्यांना कळलं नव्हतं. ज्या बोटांना केसाएवढी गाठ कळायची, त्या बोटांना स्टेपलरची पिन कळली नव्हती. मी पकडली गेले असते तर बरं झालं असतं. आता मला काहीच वाचवणार नव्हतं.

दादा झोपायला गेल्यावर मी आसुडाचं टोक माझ्या गालावरून फिरवलं. पिनेचं एक टोक किंचित वर आलं होतं. गालाला ते टोचलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच तो शेतकरी आला. दुपारच्या गाडीने त्याला परतायचं होतं. संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळायचे असतात, घरचा माणूस हजर लागतो. दादांनी आंघोळ करून स्वच्छ बंडी घातली होती. अंगणात स्टूल ठेवलं, त्यावर हात ठेवला. उन्हात तो हात बघितला मी. निळ्या शिरा, मनगटाशी कधीतरीचा जांभळा डाग, बाकी नुसती कातडी.

"दादा, या वेळी राहू दे ना," मी म्हटलं. "मीच तर केलाय. बघितलाय मी."

"डोळ्यांनी बघून कळत असतं तर परख कशाला ठेवली असती? मार. आन् डोळं उघडं ठेव." आणि मग अगदी तसंच हसले. "भित्री भागूबाई."

आसूड माझ्या हातात होता. मी तो हळू मारू शकले असते. पण हळू मारला की दादा पुन्हा मारायला लावतात, हे मला माहीत होतं. पिन त्या कातडीत शिरेल, रक्त येईल, आणि ते थांबणार नाही. अंगणापासून दवाखाना किती लांब, रिक्षा कोपऱ्यावर असेल का, हे सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं. मी हात वर केला आणि खाली घेतला. पुन्हा वर केला.

"दादा, हात काढा," मी म्हटलं. "आत पिन आहे."

"काय?"

"स्टेपलरची पिन. वादी तुटली होती. टोकाच्या वितीत. मी जोडली आणि तुम्हाला सांगितलं नाही."

शेतकऱ्याच्या तोंडून "अरे देवा" निघालं. "ताई, बैलाच्या डोळ्याला लागली असती म्हंजे?"

दादांनी हात वाढवून आसूड मागितला, टोक शोधलं आणि या वेळी बोटाने नाही, ओठांनी चाचपलं. पिन सापडली तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, माझ्यामुळे. आता वाटतं, तो बोटांमुळे पडला होता.

"उसव," ते म्हणाले. "समदी."

मी पाटावर बसून शेतकऱ्यासमोरच उसवायला घेतली. तो भला माणूस होता. पोळ्याला कुणी बैलावर आसूड उगारत नाही, तेव्हा घाई नाही, पुढच्या रविवारी येतो म्हणाला, आणि गाडी गाठायला गेला. तो गेल्यावर दादा म्हणाले, "या डावाला हात तुझा. कारागीर तू हायेस. मी नाय."

"मारणार कोण?"

"घरात दुसरं कोन हाय?"

ती आठ दिवसांची वेणी मी कशी घातली ते मला विचारू नका. चौथी वादी नवी काढली आणि दर दहा बोटांवर ती नखाने तपासली. प्रत्येक पेड आवळताना हाच पेड माझ्या हातावर पडणार आहे, हे डोक्यातून जात नव्हतं. दादांचं वाक्य मी जन्मभर ऐकत आले होते, पण कळलं ते तेव्हा. ऑफिसात चुका व्हायला लागल्या. साहेबांनी "जरा या" म्हटलं तर पोटात गोळासुद्धा आला नाही, तिथे जागाच नव्हती.

रविवारी सकाळी शेतकरी यायच्या आत मी अंगणात स्टूल मांडलं. दादांना हात नीट दिसावा म्हणून खाली पांढरा टॉवेल अंथरला. बाही वर केली. शेजारच्या काकू कुंपणाशी उभ्या होत्या. उभ्या राहू देत, म्हटलं.

दादांनी दांडी धरली. एका हाताने माझं कोपर चाचपून अंदाज घेतला, मग चार पावलं मागे गेले. मी डोळे उघडे ठेवले होते. त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला. तोंड पांढरंफटक पडलेलं. हा चेहरा मी आधी पाहिला होता, फक्त तेव्हा तो दादांचा नव्हता. आसूड वर गेला, तिथेच थरथरला, खाली आला. पुन्हा वर गेला.

"दादा, मारा," मी म्हटलं.

आवाज अख्ख्या कॉलनीत गेला. मी किंचाळले, मग हात बघितला. मनगटापासून कोपराकडे एक लाल रेघ होती. कातडी शाबूत. रक्ताचा टिपूस नाही.

"दादा, पास!" मी ओरडले.

दादांनी माझ्या हाताकडे बघितलं नाही. आसूड खुर्चीवर ठेवला. "चहा टाकतो," म्हणाले आणि भिंतीला धरून आत गेले.

दादांनी आयुष्यात कधी चहा टाकलेला नाही. मी तशीच बसून राहिले. आत मोरीतला नळ सुटला, पूर्ण सुटला, आणि बराच वेळ चालू राहिला.

ते बाहेर आले तेव्हा हनुवटीच्या पांढऱ्या खुंटांवर पाणी होतं. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"तुझी आईबी?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. मग आठवलं, त्यांना तेवढं दिसत नाही.

"हो, दादा," मी म्हटलं. "दर वेळी."